मामंजींची जीभ

सकाळी भट्टी तापेपर्यंत सुनेने साचे पुसून त्यांत कागद लावले, अंडी फेसली, मैदा दोनदा चाळला. पहिला केक उतरला की त्याची कड कापून बशीत घालायची आणि गल्ल्यामागे बसलेल्या सासऱ्यांपुढे ठेवायची, हा त्या दुकानाचा रिवाज होता. त्यांनी मान डोलावल्याशिवाय काचेच्या कपाटात काहीही जात नसे. कपाटावर त्यांच्याच हातची पाटी होती : ‘केक फक्त लोण्याचा’.

लोणी महागल्यापासून सून मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेले नकली लोणी, वापरत होती. ते पटकन फेसले जाई, केकही उंच फुगे. लोण्याच्याच वेष्टनात गुंडाळून ती ते फळीवर ठेवी. दुधाची तहान ताकावर भागवतोय, एवढेच, अशी ती मनाची समजूत घाली.

आज सासऱ्यांनी कड तोंडात घोळवली, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा घोळवली.

“टाळूला मेणासारखं काहीतरी राहतंय गं. लोणी कसं विरघळून जातं.”

पावासाठी थांबलेल्या शिंपीणबाई हसल्या. “केकला कशाला नावं ठेवता, काका? आधी कवळी धुतलीत का ते सांगा.”

“कवळी धुतली. जीभच गेली असणार.” तेही हसले. मग त्यांनी बशी सुनेकडे सरकवली. “सूनबाई, उद्यापासून तूच चाखत जा. माझ्या भरवशावर लोकांना काहीबाही जायला नको.”

“असं काय, मामंजी...” सून म्हणाली. आपण त्यांना फसवतो आहोत हे तिला ठाऊकच होते. त्यांचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास आपण काढून घेतला, हे मात्र आत्ता कळले. उरलेली कड तिने आत जाऊन खाल्ली. टाळूवर मेण राहिले.

शिंपीणबाई पाव घेऊन गेल्यावर तिने स्टुलावर चढून पाटी उतरवली. फळीवरचे वेष्टन सोडून आतला पिवळा गोळा सासऱ्यांपुढे ठेवला, शेजारी चमचा.

“तुमची जीभ शाबूत आहे, मामंजी. लोणी नाहीये हे.”

त्यांनी चमच्याचे टोक चाटले. तिच्याकडे पाहिले नाही. रिकामी बशी तेवढी आपल्याकडे ओढून घेतली.

तिने कपाट उघडले आणि त्यातले कालचे केक एकेक करून बाहेर काढून आत भट्टीकडे नेऊ लागली.