सातव्या वळणावर डोंगर बोलतो का

सन १९१३च्या मार्गशीर्षात आमच्या सरदारसाहेबांकडे पुण्याहून पाहुणे येणार होते. त्यांना मोटारीतून फोंडा घाट उतरून कोकण पाहायचं होतं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन त्यांच्या कचेरीत लागलो होतो, म्हणून प्रवासाचा आराखडा माझ्याकडे आला. कुठे थांबायचं, मोटारीला पाणी कुठे मिळेल, देखावा कुठून चांगला दिसतो, कुठल्या वळणावर भोंगा वाजवायचा, हे सगळं आधी जाऊन पाहायचं आणि लिहून काढायचं.

मोटार हंबीरराव चालवायचा. वाट दाखवायला म्हणून बाबालाल नावाचा म्हातारा घेतला. त्याने तीस वर्षं कोल्हापूरचा गूळ बैलगाडीतून खाली नेला होता आणि मीठ वर आणलं होतं. नंतर त्याने गाडी का सोडली, ते मला ठाऊक नव्हतं.

दाजीपूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा पाण्यासाठी थांबलो, तेव्हा हंबीरराव म्हणाला, "चाचा, बघा की. ह्यो बैल वैरण मागत न्हाय."

"व्हय की," बाबालाल म्हणाला. "पर तुझा बैल म्हशीगत पाणी पितोय."

घाट सुरू झाला तशी त्याची थट्टा थांबली. प्रत्येक वळणाआधी तो हंबीररावला मोटार थांबवायला लावी, खाली उतरे आणि तोंडाशी हात धरून हाक देई. "होऽऽ गाडी!" मग कान देऊन उभा राही.

मी विचारलं तेव्हा त्याने घाटाची रीत सांगितली. उतरणाऱ्याने वळणावर हाक द्यायची. खालून कोणी चढत असेल तर त्याने तीच हाक परत द्यायची. उत्तर आलं की उतरणाऱ्याने डोंगराच्या अंगाला गाडी दाबून थांबायचं, कारण चढत्या गाडीचा मान पहिला.

"आणि प्रतिध्वनी आला तर?"

"डोंगूर बोलला तर आपल्याच आवाजात बोलतो. दुसऱ्याचा आवाज आला तर गाडी. एवढं सोपं हाय."

तिसऱ्या वळणावर डोंगर खरंच बोलला. मी कळ दाबून चालू-बंद करायचं सेकंदांचं घड्याळ काढलं. हाक परत यायला एक पूर्णांक चार दशांश सेकंद लागले. म्हणजे समोरचा कडा पावणेआठशे फुटांवर असावा. होकायंत्राने कोन घेऊन ताडून पाहिलं, तर आठशे दहा आलं. मी खूश झालो. बाबालाल माझ्या वहीकडे पाहत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्या घड्याळाला खोटं बोलता येतं का?"

"नाही."

"मग सातव्या वळणावर डोंगूर बोलतो का, तेवढं मला बघून द्या."

पुढचं त्याने मोटारीत बसून, रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ मौला हाही गाडीवानच. दोघांचा आवाज इतका सारखा, की त्यांची आई खतिजा चुलीपुढून विचारायची, "कोण बोललं रं आत्ता?" वीस वर्षांमागे दरड कोसळली आणि सातवं वळण नव्याने काढलं. त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला बाबालाल गूळ घेऊन उतरत होता. त्याने हाक दिली. हाक परत आली, त्याच्याच आवाजात. तो म्हणाला, डोंगर बोलला, आणि त्याने बैल पुढे घातले. वळणावर मौलाची मिठाची गाडी समोर आली. मौलाचा बाहेरचा बैल बिचकून मागे सरला. गाडी, बैल आणि मौला, सगळं खाली गेलं.

"लोकास्नी इचारलं की म्हणत्यात, बोलतो की रं डोंगूर तिथं, तुझी काय चूक? मला बरं वाटावं म्हणून म्हणत्यात. मी तिथं परत हाक दिली न्हाय. छाती झाली न्हाय." मग म्हणाला, "बोलत आसंल तर माझा कान फसला. बोलत नसंल तर भावानं हाक दिली हुती, आणि मी त्याला दगूड समजलो."

सकाळी दहाच्या सुमारास सातव्या वळणाच्या अलीकडे पोचलो. सबंध घाटात यापेक्षा चांगला देखावा नव्हता. हवा स्वच्छ होती. खाली कोकण, त्यापलीकडे एक पांढुरकी रेघ, तो बहुधा समुद्र. आराखड्यात थांबायची जागा म्हणून मी नकाशा पाहून या वळणावर आधीच खूण केली होती.

समोर कडा नव्हता. होकायंत्र न काढताही ते दिसत होतं. तरीही मी पाच हाका दिल्या. हंबीररावने दिल्या, मग भोंगा वाजवला. घड्याळाचा काटा पूर्ण मिनिटभर फिरू दिला. काही परत आलं नाही.

बाबालाल मोटारीजवळच उभा होता. बोलतो, एवढं म्हटलं असतं तर त्याचं उरलेलं आयुष्य सोपं झालं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही शिकल्याली माणसं."

"नाही बोलत, चाचा."

त्याने मान हलवली. मग पुढे गेला, तोंडाशी हात धरले आणि वीस वर्षांनी तिथे हाक दिली. "होऽऽ गाडी!"

घड्याळाची कळ मी केवळ सवयीने दाबली.

"होऽऽ गाडी!"

आवाज त्याचाच होता, आणि खालून आला. चार पूर्णांक दोन दशांश सेकंद.

"गाडी येतीया," हंबीरराव म्हणाला.

बाबालालने पुन्हा हाक दिली. उत्तर दोन पूर्णांक सहामध्ये आलं. तिसऱ्या हाकेला एक.

"मोटार आत घ्या!" बाबालाल ओरडला. "डोंगराच्या अंगाला! मान त्याचा हाय!"

हंबीररावने मोटार खडकाला घासेपर्यंत दाबली. बाबालाल तिच्यापुढे पाठ खडकाला लावून उभा राहिला. उजवा हात त्याने आडवा धरला होता, अंगावर येणाऱ्या बैलाला धीर द्यावा तसा. आम्ही वाट पाहिली. चाकांचा आवाज नाही, घुंगरू नाही. वळणावरून कोणी आलं नाही. बाबालालची मान मात्र हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत गेली, शेजारून जाणाऱ्या गाडीकडे बघताना वळते तशी.

मग हाक आली. "होऽऽ गाडी!" या वेळी ती आमच्या मागून, वरच्या सहाव्या वळणावरून आली.

बाबालालने हात खाली घेतला. "गेला वर," तो म्हणाला आणि मोटारीच्या पायरीवर बसला.

हंबीररावने आणि मी वळणापलीकडे जाऊन पाहिलं. आठव्या वळणापर्यंतचा रस्ता दिसत होता आणि रिकामा होता. धुळीवर दव तसंच होतं. त्यात ना चाकोरी होती, ना खूर.

"मास्तर, हे वहीत लिहिणार?" हंबीररावने विचारलं.

तीन आकडे मी लिहिले. खाली अंतर काढलं नाही. ते सूत्र आवाज कशावर तरी आपटून परत येतो असं धरून मांडलेलं आहे. कोणी उत्तर दिलं तर काय करायचं, हे त्यात नाही.

आराखड्यात सातव्या वळणावरची खूण मी खोडली. तिथे लिहिलं, "भोंगा वाजवू नये. उतरून हाक द्यावी. उत्तर आले तर, आवाज कोणाचाही असला तरी, डोंगराच्या अंगाला थांबून वाट द्यावी."

सरदारसाहेबांनी कागद वाचला. "त्या घाटात हल्ली एवढ्या गाड्या चढतात?" त्यांनी विचारलं.

"एक चढते," मी म्हणालो.