न जमलेलं मेतकूट

मित्रांनो, धायरीतल्या एका सोसायटीत, स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या गोल भोकात बसलेला मी एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे. डक्टच्या अरुंद पोकळीपलीकडे राहणाऱ्या आनंदीकाकू मला ‘उत्सर्जक पंखा’ म्हणतात. त्या नारायण पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, पण चुका दुरुस्त करायची सवय काही निवृत्त झाली नाही.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमधला. पत्रा कापला, पाती वाकवली, मोटार बसवली आणि ‘पास’चा शिक्का मारला. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा. धायरीतली शेतं जाऊन इमारती उठत होत्या, तेव्हा रुपालीताईंनी मला आणलं. त्यांच्या फोडणीचा ठसका मी असा बाहेर फेकायचो की पाहुणे विचारत, “मिरची घातलीत ना नक्की?” पंख्याला याहून मोठी शाबासकी मिळत नाही. दर दिवाळीला ताई मला उतरवून सोड्याच्या पाण्याने घासत. पुढे त्यांच्या नवऱ्याला कंपनीने अमेरिकेला पाठवलं, ताईही गेल्या आणि मी तेलकट राहिलो.

घर भाड्याने गेलं ते सुदर्शन आणि गंधार या दोन तरुणांकडे. आयटीत आहेत म्हटल्यावर सोसायटीने पुढे काही विचारलंच नाही. दिवसभर घरी का? वर्क फ्रॉम होम. पडदे का ओढलेले? स्क्रीनवर उजेड येतो. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याच तोंडातून बाहेर जात होतं. ज्यांना धड चहा गाळता येत नव्हता, ते दोघं ओट्यावर काचेची भांडी मांडून ‘मेथ’ नावाचं नशेचं विष शुद्ध करत होते.

मला विद्या एकच येते, आतलं बाहेर फेकायची. आणि बाहेर होती आनंदीकाकूंची खिडकी. काकूंना दमा. त्या खोकायला लागल्या की मला माझीच लाज वाटे, पण माझं बटण माझ्या हातात नव्हतं.

एकदा सुदर्शन खिडकीशी उभा राहून फोनवर कुरकुरला, “यार, मेथ अजून प्युअर होत नाहीये.” पलीकडे काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि तडक येऊन बेल वाजवली.

“मेथ नव्हे, मेथी,” त्या म्हणाल्या. “आणि ती प्युअर होत नाही, निवडावी लागते. मेतकूट करताय ना?”

सुदर्शनने गंधारकडे पाहिलं. “हो काकू. घरगुती. स्टार्टअप आहे आमचा.”

“मग भाजताना खमंग वास यायला हवा. तुमचा टायर जाळल्यासारखा येतोय. मी शिकवेन.” वर त्यांनी अर्धा किलोची ऑर्डरही दिली.

दोघांची पाचावर धारण बसली. गंधारने शनिवार पेठेतल्या दुकानातून मेतकूट आणलं, साध्या पिशवीत ओतलं आणि काकूंना दिलं. काकूंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि दुकान ओळखलं. घरचं संपलं की वर्षानुवर्षं त्या तिथलंच तर आणत होत्या. शेजाऱ्याने खोटं बोलावं हे एक वेळ चालेल, पण मेतकुटात फसवावं? त्यांनी अन्न खात्याकडे भेसळीची तक्रार केली.

इकडे वास काकूंकडे जाऊ नये म्हणून पोरांनी मला बंद करून माझ्या तोंडावर पुठ्ठा चिकटवला. घर त्या वाफांनी भरत गेलं. भडका उडायला एक ठिणगी पुरेशी होती, आणि डक्टपलीकडेच काकूंचं घर. मला ओरडता येत नाही मित्रांनो, फक्त घरघरता येतं, आणि तेही बंद होतं.

अन्न खात्याचे साहेब काकूंना घेऊन आले, तेव्हा दार उघडणाऱ्या दोघांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आतला वास येताच साहेब म्हणाले, “कुणी बटणाला हात लावू नका.” ते दोघांना घेऊन बाहेर गेले. काकूंनी मात्र नाकाला पदर लावला, आत आल्या, माझा पुठ्ठा ओढून काढला आणि मगच बाहेर पडल्या. डक्टमधला वारा आला आणि बटणाशिवाय माझी पाती फिरली.

मग पोलीस आले. जिन्यात बसलेल्या काकूंना साहेबांनी सगळं समजावलं.

“म्हणजे मेथी नव्हतीच?” काकूंनी विचारलं.

“नाही हो. अमली पदार्थ होता.”

पोरांना खाली नेत होते. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. “शिकली असती हो ही पोरं मेतकूट,” त्या म्हणाल्या. “मी शिकवणार होते.”

आता रुपालीताई परत आल्या आहेत आणि मी पुन्हा सोड्याच्या पाण्याने न्हालो आहे. काकू कधी डाळी भाजतात, तेव्हा मी बंद असलो तर तो खमंग वास बेधडक आत येतो. मित्रांनो, वर्षातून एकदा तरी आम्हाला उतरवून घासा. आणि कुणी आमच्या तोंडावर पुठ्ठा लावलेला दिसला, तर त्या घराची बेल वाजवा. निमित्त काहीही चालेल, अगदी शुद्धलेखनाचंसुद्धा.