बाईंची शिकवणी

शिकायला परक्या देशात आलेल्या थोरलीला बाईंच्या घरी खोली मिळाली ती बिनभाड्याची. त्याबदल्यात बाईंचा स्वयंपाक करायचा, बाजारहाट करायचा आणि त्यांना अंघोळ घालायची. आईने फोनवरच हात जोडले. "वयस्कर शिक्षिका म्हणतेस ना? मायेची सावलीच मिळाली गं तुला!"

माया कसली! बाईंनी उभा जन्म शाळेत भाषा शिकवली होती. शाळा सुटली, पण छडी उरली होती, जिभेवर. पहिल्याच आठवड्यात थोरली कोपऱ्यावरच्या दुकानात दूध मागायला गेली. त्या भाषेत दूध आणि धूळ यांत फरक एवढाच, की जीभ दाताला लागते की टाळूला. दुकानदार म्हणाला, "धूळ आजच संपली हो," आणि मागची रांग खो खो हसली. थोरली रडवेली होऊन घरी आली आणि घडलं ते बाईंना सांगून बसली. म्हणजे आपणहून कोलीत हातात दिलं.

मग दर रविवारी बाईंच्या दोन मैत्रिणी पत्ते खेळायला आल्या, की बाईंची हाक यायची, "मुके, इकडे ये. यांना दूध मागून दाखव." थोरली हातात ट्रे धरून उभी. चुकली की मैत्रिणींना हसून हसून ठसका लागायचा. बरोबर म्हणाली की बाई म्हणायच्या, "पुन्हा. एखाद्या वेळी पोपटालाही जमतं."

रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. शब्द चुकला की ओळ पहिल्यापासून. तोवर चहाला हात लावायचा नाही. "गरम चहा नीट बोलणाऱ्यांसाठी असतो," बाई म्हणायच्या. थोरली निवलेला चहा घशाखाली लोटायची आणि वर्गाकडे पळायची. वसतिगृहात नाव घातलं होतं, पण नंबर लागत नव्हता.

खोटं कशाला बोला, भाषा मात्र आली. भीतीने आली, संतापाने आली, पण आली. थोरली औषधशास्त्र शिकत होती. वर्षाअखेरच्या तोंडी परीक्षेत तिने अशी घडाघडा उत्तरं दिली, की परीक्षकाने विचारलं, "तुम्ही इथेच लहानाच्या मोठ्या झालात का?" ती जवळजवळ धावतच घरी आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"परीक्षक बहिरा असेल," त्या म्हणाल्या आणि पत्ते पिसायला लागल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई न्हाणीघरात कोसळल्या. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा तोंड एका बाजूला ओघळलं होतं. बाईंचा मुलगा दुसऱ्या शहरात बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. तो हातातली गाडीची किल्ली फिरवत म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून निभावलं. मला काही इथे बसून राहता येणार नाही."

नेमका तेव्हाच वसतिगृहातून निरोप आला, जागा झाली आहे. थोरलीने वसतिगृहवाल्यांना थांबायला सांगितलं. आईला म्हणाली, "अशा वेळी कसं सोडून जाऊ?"

"माझ्या संस्कारांचं चीज केलंस, पोरी," आई म्हणाली. थांबण्याचं खरं कारण थोरलीचं थोरलीला ठाऊक होतं.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: एकेक शब्द घ्या, घाई करू नका, आणि चुकलं तरी हसू नका.

थोरलीने कप बाईंच्या हातापासून वीतभर लांब ठेवला. "म्हणा, दूध."

बाईंचे ओठ हलत राहिले. कपाळावर घाम आला. मोठ्या मुश्किलीने शब्द बाहेर पडला, तो धूळ.

थोरली उठली. कपाटाच्या माथ्यावरची धूळ तिने बशीत झाडली आणि बशी बाईंपुढे ठेवली. "घ्या. हेच मागितलंत ना?"

बाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. उजवा तसाही गळतच असायचा. हे बघून काळजाला थंडावा मिळेल असं थोरलीला वाटलं होतं, आणि मिळाला.

"पुन्हा," ती म्हणाली.

मग हे रोजचंच झालं. चुकलं की पहिल्यापासून, तोवर सूप गार. एकदा बाईंनी डाव्या हाताने चमचा भिरकावला. थोरलीने तो उचलला, धुतला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला. पण बाई बोलायला लागल्या! आधी दूध, मग चमचा, दार, मग दोन दोन शब्द. डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. "घरी करता तरी काय तुम्ही?"

"सराव," थोरली म्हणाली.

एका रविवारी मैत्रिणी बघायला आल्या. थोरलीने चहा ठेवला आणि म्हणाली, "बाई, यांना दूध मागून दाखवा."

बाईंची जीभ अडखळली, घसरली. मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी एकजण फिसकन हसली, मग दुसरीला आवरेना. "अगं, आणखी एकदा म्हण ना!" थोरलीही हसत होती. हसता हसता तिचं लक्ष बाईंकडे गेलं. बाई मैत्रिणींकडे बघतच नव्हत्या. त्या थोरलीकडे बघत होत्या, आणि नजरेत राग नव्हता. अडेलतट्टू पोराला अखेर गणित सुटलं की मास्तरीण जशी बघते, तशा त्या बघत होत्या. थोरलीच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी तिने मुलाला फोन केला, "मी जाते. दुसरी सोय बघा."

तो एका नर्सला घेऊनच आला. गोड आवाजाची, हसतमुख. थोरलीची बॅग दारात होती.

"हिला... ठेव," बाई थोरलीकडे बोट करत म्हणाल्या.

"आई, त्यांचा अभ्यास असतो गं."

बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावला. शब्द फुटून, लाळेत भिजून आले. "ही... कीव... करत... नाही."

"काय म्हणतेय?" मुलाने थोरलीला विचारलं. बाईंचे असे फुटके शब्द तिच्याखेरीज कुणाला कळत नव्हते.

"काही नाही," थोरली म्हणाली. "दमल्यात त्या."

वसतिगृहात तिचं छान बस्तान बसलं. वर्गात मुलं तिच्याकडून टिपणं मागून घ्यायची. महिन्याभराने ती फुलं घेऊन बाईंना भेटायला गेली. बाईंच्या गळ्याला लाळेरं बांधलं होतं, केसांना रिबीन होती. नर्स त्यांचा गाल कुरवाळत म्हणाली, "आमचं शहाणं बाळ आहे हो हे! मागावंच लागत नाही, मी आधीच ओळखते."

"बोलतात का?"

"या वयात कशाला जिवाला त्रास? बसू दे की सुखाने."

थोरली खुर्चीपाशी वाकली. "बाई, मी आलेय. बोला ना काहीतरी. चुकलं तरी चालेल."

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. नर्सने लगबगीने तोंड पुसून दिलं.

दारातून वळताना थोरलीच्या तोंडून आपल्या भाषेतलं "येते" निघून गेलं. ती परत तिकडे गेली नाही.