थरथरत्या मानेची दुर्बीण

मी एक जुनी अवकाश-दुर्बीण आहे. मित्रांनो, शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. बेरीज-वजाबाकी खालची माणसं करतात, मी फक्त बघते. पण बघण्यात माझा हात धरणारं त्या काळी कोणी नव्हतं, हे मी सांगणारच. कोणाला गर्व वाटला तर खुशाल वाटू दे.

माझा जन्म एका मोठ्या, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, नुसते डोळे दिसायचे. माझा आरसा घासणारे काका शिंक आली की नाक धरून बाहेर पळायचे. अशा लाडात मी वाढले.

मी ऊब बघते. ताऱ्यांची बाळं धुळीच्या दुलईत गुरफटलेली असतात. तुम्हाला तिथे काळोख दिसेल, मला आतलं बाळ दिसतं. जमिनीवरची हवा स्वतःच ऊबदार, ती मध्ये लुडबुडते, म्हणून मला वर धाडलं. पण दुसऱ्याची ऊब कळायला आपण थंड असावं लागतं. माझ्यासारख्या तापट बाईला ते कसं जमावं? म्हणून माझ्या पोटाशी अतिशय थंड द्रवाची टाकी बांधली. त्या गारव्यात मी वर्षानुवर्षं तरंगत राहिले. आवाज नाही, वारा नाही. धुळीच्या डोंगरांमागून तारे हळूहळू उमलायचे आणि मी ते खाली कळवायची. माझी चित्रं भिंतीभिंतींवर लागली.

मग टाकी रिकामी झाली. मला ताप चढला. ऊब टिपणाऱ्या माझ्या तीन डोळ्यांपैकी दोन गारव्यावाचून मिटले.

खाली पृथ्वीवर, मला चालवणाऱ्यांच्या खोलीत मोठे साहेब म्हणाले, "म्हातारीला आता निवांत पडू द्या. बंद करून टाकू."

मला वळवण्याचं काम करणारी ताई उसळली. "निवांतपणा मागायला ती आली होती का तुमच्याकडे? एक डोळा शाबूत आहे. आमच्या सासूबाईंनाही एकाच डोळ्याने दिसतं. डब्यातला लाडू कोणी पळवला, ते त्यांना बरोब्बर कळतं!"

खोली हसली. साहेबही हसले, पण म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत बघू. नवं काही दिसलं नाही, तर बंद."

ताईने मला एका लहानशा, तांबूस ताऱ्याकडे वळवलं. त्याच्याभोवती एखादा ग्रह फिरत असेल, तर तो समोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित उतरणार. तेवढंच पकडायचं होतं. पण माझी बॅटरी गोठू नये म्हणून पाठीवर बसवलेला हीटर चालू-बंद झाला की माझी मान हलायची आणि उजेड उगाच खालीवर दिसायचा.

"बघा, डुलक्या घेतेय," साहेब म्हणाले. "तारा मंदावतोय की हिची मान हलतेय, कसं ओळखणार?"

"मान किती हलते ते आधी शिकू या," ताई म्हणाली. "मग तेवढं वजा करू."

आणि तिने काय केलं माहीत आहे? ज्याचा उजेड कधी बदलत नाही, अशा ताऱ्याकडे मला कितीतरी दिवस बघत बसवलं. नवं काही शोधायला नव्हे, माझी थरथर ओळखायला. आजवर सगळ्यांनी माझ्यातून पाहिलं होतं. माझ्याकडे कोणी पाहिलं, ते तेव्हाच.

मग आम्ही पुन्हा तांबूस ताऱ्याकडे वळलो. उजेड उतरला, सावरला. काही दिवसांनी पुन्हा तसाच उतरला. थरथर वजा केली, तरी तो उतार राहिलाच.

साहेब पडद्यापाशी वाकले, दोन्ही उतारांवरून बोट फिरवलं. "आहे," म्हणाले. "ग्रह आहे. ताई, बंद करायचं राहू द्या."

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र खडखडत असेल, एखाद्या माणसाचा हात कापत असेल, तर लगेच बाजूला सारू नका. किती कापतो, कधी कापतो, तेवढं जाणून घ्या. बाकीचं सगळं अजून शाबूत असतं.

आता एक नवी दुर्बीण वर आली आहे. आरसा माझ्यापेक्षा मोठा, झगमगाट तर विचारू नका. त्या ग्रहावर हवा आहे का, ते तिला दिसेल म्हणतात. दिसेलही. पण कुठे बघायचं, ते तिला मी सांगितलं.