छातीचं माप

आपल्याला बायकोचा संशय घ्यायचा नाही, असं टेलर स्वतःला रोज बजावायचा आणि रोज दुकानातला आरसा थोडा आणखी तिरका करायचा.

दुकान रस्त्याच्या एका बाजूला आणि घर समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. इमारतीच्या जिन्याला पुढून काचा होत्या, त्यामुळे चढणारं माणूस प्रत्येक मजल्यावर रस्त्यावरूनही दिसायचं. टेलर मशीनवर बसायचा तो रस्त्याकडे पाठ करून, पण कपडे घालून बघायला लावलेल्या उंच आरशात त्याला अख्खा जिना दिसत असे. गिऱ्हाइकांना मात्र हल्ली त्यात स्वतःचा एकच खांदा दिसे. तो खांदा उतरलाय की काय, अशी शंका घेऊन ती बिचारी घरी जात.

बायको घरी बसून काज-बटणं करायची. झालेले कपडे खाली आणून द्यायची आणि नवा गठ्ठा घेऊन वर जायची. इतकी वर्षं ती एका दमात चौथ्या मजल्यावर पोचत आली होती. मग दुसऱ्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर राहायला आले. मास्तर विधुर होते, बोलायला गोड होते, आणि त्यांच्या अंगावरचा बेतशीर शर्ट टेलरनेच शिवलेला होता. हे शेवटचं तर त्याला फारच झोंबायचं.

ते आल्यानंतर काही महिन्यांनी बायको दुसऱ्या मजल्यानंतर दिसेनाशी व्हायला लागली. पहिल्या मजल्यावर दिसायची, दुसऱ्यावर दिसायची आणि तिसऱ्यावर यायचीच नाही. टेलरचा पाय मशीनवर थबकायचा. बऱ्याच वेळाने ती वर निघालेली दिसे. जाताना उतरलेला चेहरा परत येताना टवटवीत असायचा. असं काय औषध होतं मास्तरांकडे? नुसत्या विचाराने त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची.

मग त्याने डोळ्यांत तेल घालून पुरावे गोळा करायला सुरुवात केली. ती कामात हातचं राखायला लागली होती. साधा पलंगपोस बदलला तरी टेकून बसायची. जेवताना विचारलेलं तिला ऐकू जायचं नाही. दाढ दुखते म्हणून जबडा धरून बसायची, आणि दातांच्या डॉक्टरने तर सगळे दात ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. थंडीच्या दिवसांत तिच्या कपाळावर घाम यायचा. तोही कधी, तर जिना चढून आल्यावर. लाजेने माणसाला घाम फुटतो, हे टेलरला ठाऊक होतं. संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाला काय काय ठाऊक असतं!

एकदा ती निळा ड्रेस घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, छातीत आवळल्यासारखं होतंय, जरा उसवून द्या. टेलरने टेप काढली, पाठीमागून फिरवून माप घेतलं आणि पुन्हा एकदा घेतलं.

"माप आहे तेवढंच आहे. सूतभर फरक नाही," तो म्हणाला.

"टेपचं मला सांगू नका. चढताना फारच आवळतं."

कोणाकडे चढताना, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने शिवण उसवून दिली. तरी तिची तक्रार तीच. माप बदललेलं नसताना बाईला कपडे नव्याने हवेसे का वाटतात, याचं उत्तर त्याच्या हिशेबी एकच होतं. शिवणकामात हयात घातलेल्या या माणसाला कपड्याखाली आणखी काही आवळू शकतं, हे सुचलंच नाही.

त्या दिवशी तो एका गिऱ्हाइकाच्या पँटला टाचण्या लावत होता. आरशात बायको दुसऱ्या मजल्यावर थांबली, कठड्याला धरलं, आणि मास्तरांनी दार उघडून तिला चक्क हाताला धरून आत नेलं. टेलर उठला. गिऱ्हाइकाला एका पायाला टाचण्या टोचलेल्या अवस्थेत तसंच उभं सोडून तो रस्ता ओलांडून गेला. काय काय बोलायचं ते त्याने जिन्यातच जुळवलं.

दार उघडंच होतं. बायको खुर्चीत बसली होती, चेहरा पांढराफटक, एक हात जबड्यावर. या खेपेला टवटवी येत नव्हती.

"बरं झालं आलात, मी तुम्हालाच बोलवायला निघालो होतो," मास्तर म्हणाले. "रोज बसल्यावर हिला बरं वाटतं, आज वाटत नाहीये. माझ्या बायकोचंही असंच व्हायचं. आम्ही पित्त समजत बसलो. आता एक क्षणही थांबू नका."

टेलरने जुळवलेलं सगळं जागच्या जागी विरून गेलं. रिक्षा मास्तरांनीच बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कधीपासून होतंय? बायको म्हणाली, विशेष काही नाही, दमणूक असेल. तेव्हा टेलर पुढे झाला. कोणत्या मजल्यावर थांबायची, बसली की कसं बरं वाटायचं, घाम, जबडा, दाढांत काही न सापडणं, ड्रेस, टेप, सगळं त्याने न अडखळता सांगितलं. डॉक्टरबाई लिहून घेत गेल्या. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली होती. झटका अजून आलेला नव्हता आणि आता येऊ द्यायचा नव्हता. श्रमाने छाती आवळायची आणि बसलं की मोकळी व्हायची, ती पहिली सूचनाच होती, असं त्या म्हणाल्या. बायकोच्या दुखण्यावर इतकं बारीक लक्ष ठेवणारा नवरा आपण पाहिला नव्हता, असंही म्हणाल्या. टेलरला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

त्या गेल्यावर बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या छातीला वायरी लावल्या होत्या.

"अहो, एवढं सगळं बघत होतात, मग एकदाही विचारलं का नाहीत?"

थाप मारायची सोय होती. डॉक्टरबाईंनी ती आयतीच हातात ठेवली होती. पण त्या वायरींकडे पाहून त्याच्याने ते होईना.

"मला वाटलं, तू मास्तरांसाठी थांबतेस."

ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने डोळे मिटले.

"त्यांच्यासाठीच थांबत होते," ती म्हणाली. "ते विचारायचे ना, काय होतंय म्हणून."