टॉसला पोचवताना

“थांबलीस तर बसशील, आणि बसलीस की उठणार नाहीस,” मर्व्ह मागे न बघताच म्हणाला.

“थांबलेय कुठं? डोंगर बघतेय मी,” ग्लेनिस म्हणाली.

“अडतीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काय बघत होतीस?”

“तेव्हा तो माझ्या गुडघ्यांवर बसला नव्हता.”

ती खरं तर थांबलीच होती. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे खांद्यात रुतत होते आणि पायांत गोळे आले होते. या दोन पिशव्या त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतल्या होत्या, डोंगरात भटकायचं म्हणून. त्या वर्षी मेंढ्या उशिरा व्यायल्या. पुढच्या वर्षी लोकर कातरणारी टोळी नेमकी सुट्टीच्या आठवड्यात आली, आणि मग दर वर्षी काही ना काही निघतच गेलं. पिशव्या लोकरीच्या शेडमध्ये खिळ्याला लटकून राहिल्या. गेल्या आठवड्यात काढल्या तेव्हा त्यांना कोकराच्या अंगाचा वास येत होता. ग्लेनिस आता त्रेसष्ट वर्षांची होती, मर्व्ह सदुसष्टचा, आणि डोंगरातल्या मुक्कामाची ही त्यांची पहिलीच वेळ.

पुढे टॉस होता, मेंढ्या वळणारा त्यांचा कुत्रा, चार वर्षांचा, काळा-पांढरा. वाटेवरून चालणं त्याला ठाऊकच नव्हतं. तो वाटेच्या डावीउजवीकडे उंच गवतात घुसत होता, परत येत होता, पुन्हा जात होता. मर्व्हच्या पायाशी म्हातारी कुत्री फ्लाय. तेरा वर्षांची, दोन वर्षांपासून ठार बहिरी. ती चार पावलं चालायची आणि मान वर करून मर्व्हच्या तोंडाकडे बघायची. त्याचे ओठ कसे हलतात यावरून काय करायचं ते तिला कळायचं. गेल्या थंडीत त्या तोंडाची डावी बाजू खाली लोंबली, तेव्हा डॉक्टरांच्या आधी जर कोणी गडबडलं असेल तर ती फ्लाय.

अर्धांगाच्या त्या झटक्यातून मर्व्ह बरा झाला असं सगळे म्हणत. हात चालत होता, पाय चालत होता. बोलणं जरा जड झालं होतं, पण बोलायची हौस त्याला आधीही नव्हतीच. फक्त शीळ गेली, जिच्या इशाऱ्यावर कुत्री मेंढ्या वळवायची. ओठ मिटेनात. पत्र्याची शिट्टी तोंडात धरली तरी डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची आणि नुसतं फुसफुस व्हायचं. शीळ नसलेल्या माणसाला आठशे मेंढ्या कशा सांभाळता येणार? शेत विकलं. तिथं आता पाईनची रोपं लागली. गावात दोन खोल्यांचं घर घेतलं, पुढे टेबलक्लॉथएवढी हिरवळ. फ्लायला ती पुष्कळ होती. टॉसला तिथं ठेवणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच होतं.

डोंगरापलीकडच्या मेंढवाड्यातल्या ओळखीच्या हेमीनं त्याला घ्यायचं कबूल केलं. गाडीनं वळसा घालून तीन तासांचा रस्ता. ग्लेनिसनं गाडीत पेट्रोलही भरून ठेवलं होतं. पण आदल्या आठवड्यात मर्व्ह चहा पिता पिता म्हणाला, “गाडीनं गेलो तर तीन तासांत संपेल. चालत गेलो तर दोन दिवस मिळतील.” आणि उठून शेतावरून आणलेल्या त्या पिशव्या घेऊन आला. मेंढ्या विकल्या तेव्हा त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. शेत गेलं त्या दिवशी तो गॅरेज झाडत बसला होता. ग्लेनिसला भीती होती ती या तिसऱ्या निरोपाची. ह्यानंतर ह्याच्याकडे काय उरणार, हा प्रश्न घेऊनच ती डोंगर चढत होती, आणि तोच पिशवीपेक्षा जड होता.

दुपारी खिंड आली. तिथं वारा इतका होता की बोललेलं ऐकू येईना. मर्व्ह खडकाच्या आडोशाला बसून फ्लायचे पंजे तपासू लागला. दगडगोट्यांवर चालून एक पंजा फाटला होता. “म्हातारे, तुला कुणी सांगितलं होतं यायला?” असं तो तिला विचारत होता. तेवढ्यात खालून किंचाळ्या आल्या.

ग्लेनिस कड्याच्या टोकाला गेली आणि तिला हसावं की रडावं कळेना. शहरातून आलेल्या सहा बायका, सगळ्यांची सारखी निळी जाकिटं, खालच्या वाटेवर दरीकडे पाठ करून एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. समोर टॉस. पोट जमिनीला टेकवलेलं, नजर रोखलेली. एखादी डावीकडे सरकली की तो डावीकडे, उजवीकडे सरकली की उजवीकडे. एकीनं पळायचा प्रयत्न केला, तिला त्यानं वळसा घालून सरळ कळपात आणून सोडली. जन्मात त्याला कुणी शिकवलं नव्हतं की माणसं गोळा करायची नसतात. गेले सहा महिने त्याला गोळा करायला काहीच मिळालं नव्हतं.

“काढा ह्याला! ए बाबा, कुणाचा हा?” एक बाई ओरडली.

“चावत नाही तो! हलू नका फक्त!” ग्लेनिस ओरडली, पण वाऱ्यानं ते शब्द भलतीकडेच नेले.

मर्व्ह लंगडत आला. त्यानं दोन बोटांनी गालाचा डावा कोपरा दाबून धरला, छाती भरून घेतली आणि शीळ घातली. फुस्स. पुन्हा घातली. पुन्हा फुस्स. त्याचा चेहरा लालबुंद झाला. टॉस आणखी एक पाऊल पुढे सरकला, आणि सगळ्यात मागची बाई दरीच्या घसरणाऱ्या कडेकडे ढकलली गेली.

ग्लेनिसनं विचार केला नाही. दोन बोटं जिभेखाली घातली आणि एक लांब, सपाट शीळ घातली. ‘बस’ची. टॉस जागच्या जागी जमिनीला चिकटला. मग दोन आखूड, एक चढती. ‘परत ये.’ टॉस उठला आणि बाणासारखा वर आला. आला तो मर्व्हच्या पायाशी, कारण ती शीळ मर्व्हचीच होती. तोच सूर, तोच शेवटचा हेल.

त्यांच्याकडे मेंढपाळाच्या घरात एक नियम असतो, कुणी लिहून ठेवत नाही पण मोडतही नाही. नवऱ्याच्या कामाच्या कुत्र्याला बायकोनं हाक मारायची नाही, ताटातला तुकडा टाकायचा नाही, आणि शीळ तर नाहीच. एका कुत्र्याला एकच मालक. दोन आवाज झाले की कुत्रं बिघडतं. अडतीस वर्षांत ग्लेनिसनं हा नियम मोडला नव्हता. आता भर खिंडीत, सहा अनोळखी बायकांदेखत, तिनं नवऱ्याच्या खिशातली वस्तू काढून घेतली होती असं तिला वाटलं. तिला लाज वाटली. मर्व्हनं खाली जाऊन बायकांची माफी मागितली, पिशवीतला अर्धा फ्रूटकेक त्यांना देऊन टाकला, आणि परत येऊन मुकाट्यानं फ्लायला उचललं.

“ठेव तिला माझ्या पिशवीत,” ग्लेनिस म्हणाली.

“तुझी पिशवी भरलीय.”

“तंबू तू घे. भांडी तू घे. ही मला दे.”

पुढचे तीन तास फ्लाय ग्लेनिसच्या पाठीवर, पिशवीतून मुंडकं बाहेर काढून, पुढे चालणाऱ्या मर्व्हच्या पाठीकडे बघत होती. तो वळला तर त्याचं तोंड दिसेल म्हणून. तो वळला नाही. ग्लेनिस इतकी थकली होती की शेवटी तिला रडूही येईना, नुसती एकामागून एक पावलं टाकत राहिली.

खोऱ्यात प्रवाशांची झोपडी होती, पण तिथं कुत्र्यांना आत मनाई. त्यांनी बाजूला बीच नावाच्या उंच झाडांखाली तंबू लावला. ऊन अजून शेंड्यांवर होतं. मर्व्हनं स्टोव्ह पेटवला, चहा केला, तिच्या हातात मग दिला आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला बसला.

“कधीपासून?” त्यानं नाडीकडे बघत विचारलं.

“टॉसच्या आधीच्या आधीपासून. डस्टी होता तेव्हा.”

“म्हणजे पंचवीस वर्षं.”

“असतील.”

“शिकलीस कुठं?”

“खिडकीतून ऐकून. मग कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन घालायचे. तू लांबच्या कुरणात गेलास की. कुत्र्यांसाठी नव्हतं रे ते. एकदाही नाही. तू नसताना घरात तुझा आवाज असावा, एवढंच.”

एक बूट काढून झाला, दुसरा राहिला.

“कोंबड्या यायच्या?”

“यायच्या नाहीत. पण ‘डावीकडून’ घातली की डावीकडे जायच्या.”

त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसली. मग तो म्हणाला, “उद्या हेमीला तूच दे.”

“काय?”

“शिळा. कुत्रं द्यायचं तर शिळांसकट द्यावं लागतं. मी काय देऊ त्याला? फुसफुस? तो चुकीचं शिकेल आणि कुत्र्याला मार बसेल.”

“मर्व्ह, मला नाही जमणार ते.”

“जमतंय. आज बघितलं मी.” तो दुसऱ्या बुटाकडे वळला. “सगळ्या दे. ‘परत ये’ सगळ्यांत शेवटी.”

टॉस तंबूच्या दाराशी आडवा झाला होता. मर्व्हनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवण होईपर्यंत काढला नाही. कामाच्या कुत्र्याला असं कुरवाळायचं नसतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ते मेंढवाड्यावर उतरले. हेमी फाटकाशीच उभा होता, तिशीतला, रुंद खांद्यांचा, पायांत गमबूट. “चालत आलात? अंकल, तुम्ही दोघं येडे आहात,” म्हणत त्यानं आपल्या लोकांच्या रीतीनं मर्व्हच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. तेवढ्यात त्याला ते लोंबलेलं तोंड जवळून दिसलं असणार, कारण मग त्यानं थट्टा केली नाही. “आधी चहा की आधी काम?”

“काम,” मर्व्ह म्हणाला. “चहा घेतला की माझे पाय आखडतील.”

हेमीनं तीसेक मेंढ्या छोट्या कुरणात सोडल्या. मर्व्ह कुंपणाच्या आडव्या फळीवर बसला, कुरणाकडे पाठ करून. फ्लाय त्याच्या बुटांवर हनुवटी ठेवून पडली.

“अंकल, तुम्ही नाही शिकवणार?”

“तुझी आंटी शिकवतेय. तिच्या शिळा माझ्याहून स्वच्छ आहेत.”

ग्लेनिस शीळ घालायची, टॉस हलायचा. मग हेमी घालायचा, टॉस थांबून पाठमोऱ्या मर्व्हकडे बघायचा. पुन्हा ग्लेनिस, पुन्हा हेमी. दोनदा टॉस सरळ कुंपणाशी येऊन मर्व्हच्या पाठीमागे बसला. मर्व्हनं मान वळवली नाही. त्याच्या हातांच्या मुठी फळीवर पांढऱ्या पडल्या होत्या, आणि ते एकट्या ग्लेनिसलाच दिसत होतं. तिच्या मनात आलं, पुरे झालं, घेऊन जाऊ ह्याला घरी, हिरवळ तर हिरवळ.

“‘उजवीकडून’चा शेवट वर ने, हेमी,” मर्व्ह पाठमोराच म्हणाला. “खाली पाडलास तर त्याला ‘हळू’ वाटतं.”

हेमीनं वर नेला. टॉस गेला. उजवीकडून, मोठा सुंदर वळसा घेत, आणि सगळ्या मेंढ्या एका घोळक्यात फाटकाशी आणून उभ्या केल्या. त्याची जीभ बाहेर होती, डोळे चमकत होते. सहा महिन्यांत ग्लेनिसनं त्याला असं पाहिलं नव्हतं.

उरली ‘परत ये’. ग्लेनिसनं ती एकदाच घातली. हेमीनं घातली, पण त्याची शेवटची चढती शीळ आखूडच पडली. टॉस मधोमध उभा राहिला, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. ग्लेनिस मर्व्हच्या पाठीकडे बघत राहिली. तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. कुत्रं अर्धवट शिकलेलं राहिलं असतं, मनात कुठंतरी त्याचंच.

“लांबव ती,” मर्व्ह म्हणाला. “तो टेकडीच्या पलीकडे असला की वाऱ्यात आखूड ऐकू येत नाही. बिचारा शोधत बसेल.”

हेमीनं लांबवली. टॉस धावत हेमीकडे गेला आणि त्याच्या गमबुटाशी बसला.

दिल्यानंतर हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, वळून बघायचं नाही, हीच तिथली रीत. त्यांनी चहा घेतला. हेमीच्या बायकोनं उकडलेलं मटण आणि रताळी वाढली, मर्व्हनं मागून घेऊन खाल्लं. टॉसला मागे कुत्र्यांच्या ओळीत साखळीला बांधलं होतं. ती दोघं हेमीच्या गाडीकडे निघाली तेव्हा तो एकदा भुंकला, मग दुसऱ्या कुत्र्यांनी त्याला काहीतरी सांगितलं असावं, कारण तो गप्प झाला. फ्लाय दमून अंगणात उन्हात पडली होती. ग्लेनिस तिला उचलून आणायला वळली.

“राहू दे,” मर्व्ह म्हणाला.

तो गाडीच्या दाराशी उभा होता, तोंड मेंढवाड्याकडे करून. त्यानं दोन बोटांनी गालाचा डावा कोपरा दाबला आणि ओठांचा चंबू केला. दोन आखूड, एक चढती, आणि ती चढती त्यानं लांबवली, दम संपेपर्यंत. हवेशिवाय काहीच निघालं नाही. मागच्या ओळीत एकाही कुत्र्यानं कान हलवला नाही.

अंगणात फ्लायनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. एक पंजा पोटाशी धरून ती तीन पायांवर उठली, लंगडत लंगडत सगळं अंगण ओलांडून आली, आणि मर्व्हच्या डाव्या पायाला खेटून बसली.