पडायचा कोट

पडद्यावरच्या त्या हेराचे सूट माझा दादा शिवायचा. हेराचं काम करायचे ते साहेब, सिनेमाचे नायक. आणि साहेबांच्या बदली जिन्यावरून गडगडायचे, खिडकीतून उडी मारायचे ते आमचे हे. चेहरा साहेबांचा, पाठ ह्यांची. सगळा स्टुडिओ ह्यांना 'पाठमोरे' म्हणायचा, आणि ह्यांना त्याचं कोण कौतुक! मला मेलीला ते कधी आवडलं नाही. पण बोलते कुणाला? मी दादाच्याच हाताखाली काजं-बटणं करायचे.

लोकांना वाटतं, हेराच्या अंगावर सिनेमाभर एकच सूट असतो. एकाच कापडाचे चार असतात. उभं राहायचा, बसायचा, पळायचा आणि पडायचा. बसायचा कोट किंचित आखूड, नाहीतर खुर्चीत टेकलं की कॉलर कानाला लागते. पळायच्याला काखेत जास्तीचं कापड. आणि पडायचा सगळीकडून सैल, कारण आत पाठीला जाड गादी बांधायची असते. ही दादानंच घालून दिलेली पद्धत. तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती.

या खेपेला साहेबांनी आधीचं चित्रण पाहिलं आणि नाक मुरडलं. म्हणे, पायऱ्यांवर मी पोत्यात घातल्यासारखा दिसतो. वा रे वा, पडायचं दुसऱ्यानं आणि दिसण्याची काळजी याला! दिग्दर्शकानं दादाला निरोप धाडला, पडायचा कोट उभ्याच्या मापाचा हवा. मला वाटलं, दादा आता चांगलंच सुनावणार. दादानं चष्मा पुसला आणि 'बघतो' म्हणाला. त्याचं 'बघतो' मी लहानपणापासून ओळखते. आपल्या हातचा ढगळ कोट सगळ्या जगाला दिसतो, हे त्यालाही खुपतच होतं.

कोट आवळून झाला. ह्यांनी तो घातला आणि आरशासमोर उभे राहिले. खोटं कशाला सांगू, माझ्या हातातली सुई थांबली. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांचे खांदे असे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. कमरेत असा चपखल बसला होता की पाठीवर एक चुणी शोधून सापडली नसती. दादानं मशीनवरच्या सगळ्यांना उठवून बघायला बोलावलं. ह्यांनी मान वळवून मला विचारलं, कशी दिसते पाठ?

"गादी कुठे बांधणार?" मी म्हणाले.

दादा म्हणाला, अस्तरात एक थर घातलाय. मी हात घालून चाचपलं. चादरीची घडी त्याहून जाड असते. मी दोघांनाही तिथेच, सगळ्यांच्या देखत झाडलं. दादा हसला आणि ह्यांच्या खांद्यावरचा धागा टिपत राहिला.

घरी जाताना मी रस्ताभर ह्यांच्या मागे लागले. नाही म्हणून सांगा, गादीशिवाय पडणार नाही म्हणा.

"अगं, इतकी वर्षं नुसती पाठच दिली," हे म्हणाले, "एकदा तरी ती चांगली दिसू दे."

मी रडले, भांडले, अबोला धरला. माणूस एकदा स्वतःवर भाळला की बायकोचं कोण ऐकतो?

जिना दगडी होता. पहिल्यांदा हे धडधडत खाली आले आणि कपडे झटकत उठलेसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. पण पडताना कोटाची कॉलर उलटली होती म्हणून पुन्हा घ्यायचं ठरलं. दादानं स्वतः जाऊन कॉलर आतून टाचली. दुसऱ्यांदा हे मधल्या वळणावर एका पायरीच्या कडेवर पाठीवर आदळले, घसरत खाली आले आणि उठले नाहीत. टाळ्या मात्र वाजल्या, कारण पडणं फार झकास झालं होतं.

दवाखान्यात नर्स कात्री घेऊन आली तर दादा आडवा आला. म्हणाला, कापू नका, मी उसवून देतो, शिवणीवरून निघाला तर परत जोडता येईल. खिशातून त्यानं पातीसुद्धा काढली होती. आणि हे, ओठ पांढरे पडलेले, म्हणतात कसे, दादाला उसवू द्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नर्सच्या हातातली कात्री ओढून घेतली आणि बाहीपासून कॉलरपर्यंत मीच तो कोट फाडला. दादा तोंडावर हात ठेवून बघत राहिला.

डॉक्टरांनी ह्यांच्या तळव्यांना टाचणी टोचून पाहिली. मग पायांची बोटं हलवायला सांगितली. ह्यांनी दात आवळले, कपाळावर घाम आला.

"हलवतोय," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "हलताहेत ना गं?"

दादा कोपऱ्यात कोटाचे तुकडे हातावर घेऊन एकमेकांना जुळवून बघत होता. मी ह्यांच्या पायांकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

"नीट बघ."

मी वाकून, अगदी जवळून पाहिलं, आणि पुन्हा नाही म्हणाले.